सोबिबोरच्या मातीत काय उरलं, आणि का

पूर्व पोलंडमध्ये, बुग नदीजवळच्या जंगलात सोबिबोर ही नाझींची मृत्युछावणी होती. मे 1942 पासून दीड वर्षात तिथे दीड लाखाहून अधिक ज्यूंना विषारी वायूने मारण्यात आलं. 14 ऑक्टोबर 1943 रोजी कैद्यांनी उठाव केला आणि सुमारे तीनशे जण कुंपणाबाहेर निसटले. त्यानंतर नाझींनी छावणी पाडली, जमीन सपाट केली आणि वर झाडं लावली. तिथे काही घडलंच नाही, असं दिसावं म्हणून.

गाडीतून उतरलेल्यांचं सामान, कपडे, दागिने सगळं काढून घेतलं जाई. मौल्यवान ते जर्मनीला जाई. म्हणून आज मातीत सापडतं ते बहुतेक कुणीतरी लपवलेलं, हातून निसटलेलं किंवा लुटणाऱ्यांना कवडीमोल वाटलेलं. युद्धानंतर सोन्याच्या आशेने लोकांनी तीही माती उकरली.

पोलंडमधल्याच ऑशविट्झ या नाझी छावणीत 1967 मध्ये तिसऱ्या दाहगृहाजवळ (प्रेतं जाळण्याच्या इमारतीजवळ) उत्खनन झालं. थर्मामीटर, पाइप, किल्ल्या, ब्रश अशा सोळा हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. मग त्या वॉर्सातल्या एका इमारतीत खोक्यांमध्ये पडून राहिल्या, थेट 2016 पर्यंत. जवळपास पन्नास वर्षं! संशोधकांना तेव्हा कागदपत्रं आणि साक्षी महत्त्वाच्या वाटत, किल्ली कुणाच्या घराची हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हतं.

सोबिबोरला 2000-01 मध्ये पुरातत्त्वज्ञ आंजेय कोला यांनी जमिनीत छिद्रं घेऊन सामूहिक कबरींच्या जागा शोधल्या. ज्यू धर्मनियमांनुसार मृतांना हलवायचं नसतं, त्यामुळे कबरी खणल्या जात नाहीत. 2007 पासून पुरातत्त्वज्ञ योराम हैमी आणि वोइचेख माझुरेक यांनी आजूबाजूची जमीन उकरायला घेतली. हैमींचे दोन मामा-काका याच छावणीत मारले गेले होते. 2014 मध्ये वायूकोठड्यांचा पाया सापडला.

2016 मध्ये, बायकांना कपडे उतरवायला लावत त्या जागी, एक लॉकेट निघालं. त्यावर हिब्रूत 'मझल तोव' हा शुभेच्छेचा शब्द, फ्रँकफर्ट हे गाव आणि 3 जुलै 1929 ही जन्मतारीख. त्यावरून कॅरोलीन कोन हे नाव शोधता आलं. 1941 च्या नोव्हेंबरमध्ये तिला फ्रँकफर्टहून मिन्स्कला पाठवलं होतं. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

अ‍ॅमस्टरडॅमच्या चार मुलांचे धातूचे बिल्लेही मिळाले आहेत. त्यांवर नाव, जन्मतारीख आणि गाव कोरलेलं आहे. हॉलंडहून निघालेल्या गाड्यांच्या याद्या उपलब्ध आहेत, त्यामुळे कुठलं मूल कुठल्या गाडीत बसवलं होतं तेही सांगता येतं.