तीन क्वार्कांची अर्धवट गोष्ट

‘प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क असतात’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. क्वार्क म्हणजे प्रोटॉन ज्यांचा बनतो ते आणखी छोटे कण. ते वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे.

प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर. एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोमीटर. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी याच्या कोट्यवधी पट मोठी, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाचा इथे काही उपयोग नाही. मग वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर सोडायचे आणि ते कोणत्या कोनात, किती ऊर्जा गमावून बाहेर पडतात ते मोजायचं. ऊर्जा जितकी जास्त, तितकं बारीक दिसतं.

१९५०च्या दशकात स्टॅनफर्डला रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी हेच केलं. प्रोटॉन हा ठिपका असता तर जितके इलेक्ट्रॉन मोठ्या कोनात वळायला हवे होते, त्याहून कमी वळले. म्हणजे प्रोटॉनचा विद्युतभार एका बिंदूत नसून पसरलेला आहे.

खरी गंमत पुढे झाली. १९६०च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डच्याच सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या त्वरकातून (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून) आलेल्या इलेक्ट्रॉनांनी प्रोटॉन फोडायला सुरुवात केली. पसरलेल्या मऊ भाराला धडकून ते फारसे वळणार नाहीत, असा अंदाज होता. प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन जोरात वळले. आत काहीतरी छोटं, टणक होतं! गेल-मान आणि झ्वाइग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६४मध्ये क्वार्क सुचवले, तेव्हा अनेकांना ती निव्वळ गणिती सोय वाटली होती. या मोजमापांनंतर ते म्हणणं टिकेना. फ्रीडमन, केंडल आणि टेलर यांना त्यासाठी १९९०चं नोबेल मिळालं.

पण हिशेब जुळेना. सगळ्या क्वार्कांचा संवेग मिळून प्रोटॉनच्या संवेगाच्या जेमतेम निम्मा भरत होता. उरलेला होता ग्लुऑनांकडे. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या या कणांना विद्युतभार नाही, म्हणून इलेक्ट्रॉनला ते थेट दिसतच नाहीत. पुढे हॅम्बुर्गच्या हेरा यंत्रात (१९९२ ते २००७) इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन समोरासमोर आदळवले, तेव्हा कळलं की जितकं बारकाईनं पाहावं तितकी आतली गर्दी वाढते: ग्लुऑन, आणि क्षणभर उमटून विरणाऱ्या क्वार्क आणि प्रतिक्वार्क (विरुद्ध भाराचे क्वार्क) यांच्या जोड्या. तीन क्वार्क म्हणजे सगळी बेरीज-वजाबाकी झाल्यावर उरणारी शिल्लक.

न्यूट्रॉन याहून त्रासदायक. सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत विघटित होतो. त्याचं लक्ष्य बनवणार कसं? मग ड्युटेरियम घ्यायचं, ज्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो, आणि मोजमापातून प्रोटॉनचा वाटा वजा करायचा. मात्र ही वजाबाकी वाटते तितकी सरळ नाही, कारण केंद्रकात बांधलेला न्यूट्रॉन हुबेहूब सुट्या न्यूट्रॉनसारखा वागत नाही.

एक कोडं अजून सुटायचं आहे. १९८०च्या दशकात युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेतल्या प्रयोगात आढळलं की प्रोटॉनच्या फिरकीतला (स्पिन, म्हणजे कणाच्या अंगभूत कोनीय संवेगातला) क्वार्कांच्या स्वतःच्या फिरकीचा वाटा फारच थोडा आहे. आजच्या मापनांनुसार तो साधारण एक तृतीयांश. बाकीची फिरकी ग्लुऑनांची किती आणि क्वार्क-ग्लुऑनांच्या आतल्या भ्रमणाची किती, हे तपासायला अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर (इलेक्ट्रॉन आणि आयन एकमेकांवर आदळवणारं यंत्र) उभारायचं ठरलं आहे.