घरच्या औषधाची सुरुवात एका काडीपासून
ग्राहकांसाठी माहितीपत्रक
काष्ठौषधी विभाग, रविवार कारंजा, नाशिक

नाशकात थंडी सुरू झाली की रोज कुणी ना कुणी मोबाईलवर पंधरा-वीस वनौषधींची यादी घेऊन दुकानात येतं. "सगळं पन्नास-पन्नास ग्रॅम बांधून द्या." आम्ही एकदम सगळं बांधून देत नाही. एक नाहीतर दोन वस्तू देतो, बाकीच्या पुढच्या महिन्यात न्या म्हणतो. काही जणांना याचा राग येतो. गर्दीत नीट समजावून सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक पुडीसोबत देत आहोत.

दहा वस्तूंचा काढा घेतला आणि घसा मोकळा झाला, तर तो कशाने झाला हे कळत नाही. पित्त उसळलं किंवा अंगावर पुरळ आलं, तर ते कशाने हेही कळत नाही. एकच वस्तू चार दिवस घेतली की तिची चव, तिचा गुण आणि आपल्या अंगाला ती मानवते का, हे सगळं समजतं.

नवीन माणसाला आम्ही बहुतेक वेळा ज्येष्ठमधाची काडी देतो. भुकटी नाही, काडीच. वरून करडी-तपकिरी साल, मोडली की आत पिवळाधमक गाभा आणि तुटताना ओढले जाणारे धागे. बोटाच्या पेराएवढा तुकडा दाढेखाली धरा. आधी गोड लागतो, मग जिभेवर किंचित कडसर रेंगाळतो, आणि खवखवणाऱ्या घशाला आराम वाटतो. ही काडी आपल्या डोंगरातली नाही. बहुतेक माल अफगाणिस्तान, इराण, मध्य आशियातून येतो. काडी पाहून, मोडून, चाखून घेता येते. भुकटीत काय मिसळलंय ते आम्हालाही नुसतं बघून सांगता येणार नाही. सुंठेचंही तसंच: अख्खी घ्या, घरी कुटा.

हीच काडी माझ्या सासूबाईंना बाधली, हे सांगणं मला आवश्यक वाटतं. त्यांना रक्तदाब होता, गोळी चालू होती. घसा धरतो म्हणून त्या दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा घेत होत्या. पाय सुजले, रक्तदाब चढला, डॉक्टर गोळी वाढवत गेले. "दुसरं काही औषध घेता का?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं, "छे, काही नाही." काढ्याला त्या औषध मानतच नव्हत्या. ज्येष्ठमधातल्या गोड घटकामुळे शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम कमी होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुकान आमचं, आणि घरात हे झालं. काढा बंद केल्यावर काही आठवड्यांत सूज उतरली.

म्हणून आमचं सांगणं एकच आहे. ज्याने गुण येतो ते औषध आहे, मग ते स्वयंपाकघरातल्या डब्यातून आलेलं का असेना. डॉक्टरांनी विचारलं की ते मोजून सांगा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर ज्येष्ठमध घेऊच नका. बाकीच्यांनीही आठवड्याच्या पुढे सलग घेऊ नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर सुंठ आणि हळद औषध म्हणून घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. जेवणातल्या हळदीची चिंता नको. अडुळसा गरोदर बाईने घेऊ नये.

काढा की फांट?

सरसकट सगळं उकळायची सवय मोडायला हवी. कठीण साल, मूळ, काडी असेल तर काढा करायचा. शारंगधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं माप आहे एक भाग भरड, सोळा भाग पाणी, आणि आटवून आठवा हिस्सा. घरी एवढं आटवलं नाही तरी चालतं. चमचाभर भरड, दोन कप पाणी, मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत ठेवा. भरड म्हणजे रव्यासारखी जाडसर. बारीक पूड टाकली तर काढा गढूळ होतो आणि गाळता गाळत नाही.

तुळस, गवती चहा, पुदिना यांचा फांट करायचा. उकळतं पाणी पानांवर ओता, लगेच झाकण ठेवा, दहा मिनिटं थांबा. गवती चहा खळखळ उकळला की अख्ख्या घरात वास सुटतो, आणि आपल्याला वाटतं छान झाला. तो वास म्हणजेच त्यातलं तेल. ते कपात राहायला हवं होतं, वाफेबरोबर निघून गेलं. झाकण काढलं की आतल्या बाजूला साचलेले थेंब परत कपात पाडा.

ओळख पटल्याशिवाय काही तोंडात घालू नका

श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करून आलेली मंडळी वेली आणि मुळ्या घेऊन येतात. तीर्थक्षेत्रांत 'रामकंद' म्हणून ढोलकीएवढा कंद कापून विकतात. तो प्रत्यक्षात घायपाताच्या खोडाचा गाभा असतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तपासून दाखवलंय. श्रद्धेने खाल्ला म्हणून त्याचा कंद होत नाही.

गुळवेलीची गल्लत याहून गंभीर. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. दिसायला सारख्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, असं आयुष मंत्रालयाने म्हटलं. आपल्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते, आत हिरवं खोड दिसतं, आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा असतात. एवढं पाहूनही, यकृताचा किंवा संधिवातासारखा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार असेल तर स्वतःच्या मनाने घेऊ नका.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, मग तो अडुळशाच्या रसाबरोबर का असेना. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. त्या वयासाठी घुटीचं सामान आम्ही देत नाही. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, तर काढा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. मधुमेह 'मुळापासून घालवणारं' चूर्ण मागू नका. तशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ते आमच्याकडे नाहीच.

माल काचेच्या बरणीत, गॅसपासून लांब ठेवा. बरणीवर नाव आणि आणल्याची तारीख लिहा. पावसाळ्यापूर्वी एक दिवस पसरून सावलीत वारं द्या. वास गेला, जाळी धरली, बुरशी दिसली तर टाकून द्या.

शेतात, बांधावर एखादी वनस्पती दिसली आणि ओळख हवी असेल तर नुसतं पान आणू नका. फांदी आणा, फूल किंवा फळ असेल तर तेही आणा, ओल्या कापडात गुंडाळून. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. ओळख पटली तर सांगू, नाही पटली तर तसंही सांगू. त्याचे पैसे घेत नाही. चालू गोळ्यांची चिठ्ठी मात्र सोबत असू द्या.