घोंगडी घेताय ना, मग आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. दुकानात आलं की पहिला प्रश्न ठरलेला, घोंगडी एवढी महाग का हो, बाजारात ब्लँकेट तर याच्या निम्म्यात मिळतं. प्रश्न बरोबरय, म्हणून नीट सांगतो.

ते स्वस्त ब्लँकेट बहुतेक वेळा पॉलिस्टर नाहीतर अ‍ॅक्रिलिकचं असतं. आमची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, म्हणजे आपल्या सोलापूरकडच्या सांगोला, मंगळवेढ्याच्या माळावर कमी पावसात तग धरणारी काटक मेंढी. लोकर जाडीभरडी, बरीचशी काळी, वर्षातून दोनदा कातरतात आणि एका मेंढीची एका कातरणीत किलोभरही निघत नाही. मग त्यातले काटेकुटे वेचायचे, पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, हे काम जास्त करून घरातल्या म्हाताऱ्या बायकाच करतात. खरी मेहनत पुढं आहे, खळीची, म्हणजे सूत कडक करायला लावतात त्या चिकीची. चिंचोके भाजून टरफल काढायचं, भिजवून वाटायचे, शिजवायचे आणि ती खळ उन्हात ताणलेल्या सुतावर कुंच्यानं मारायची, धागा न् धागा सुटा राहिला पाहिजे, चिकटला की मागावर तुटलाच. आभाळ आलं की काम बंद. एवढं झाल्यावर सणगर, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजाचा कारागीर खड्ड्याच्या मागावर बसतो तेव्हा कुठं विणायला सुरुवात. आता सांगा, महाग आहे का?

आणि आता लोकरच मिळंना झालीय. भाव इतका पडलाय की कातरायची मजुरीसुद्धा सुटत नाही, म्हणून कितीतरी मेंढपाळ लोकर तिथंच टाकून देतात. मटणाला मात्र भाव आहे, म्हणून लोक माडग्याळ मेंढी पाळतात, ती वजन लवकर धरते पण अंगावर लोकर नावालाच. त्यांना दोष देऊच नका, घर चालवायचंय त्यांना. त्यात उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला, चरायला रान कमी झालं. पूर्वी शेतकरी स्वतः वाड्यावर, म्हणजे धनगराच्या मेंढ्यांच्या तळावर, येऊन आमच्या रानात मेंढ्या बसवा म्हणायचे, रानाला लेंडीखत आणि धनगराला धान्य, दोघांचंही भागायचं. अजून बोलावतात काही जण, पण कमी.

म्हणून आम्ही कातरणीच्या वेळी वाड्यावरच जाऊन लोकर घेतो, तिथंच वजन, तिथंच रोख पैसे. आसनं, पिशव्या, लॅपटॉपची कव्हरं पण करतो कारण तरुण पोरं तेच मागतात, पण मनापासून सांगतो, आम्हाला घोंगडीच चालायला हवीय. दिवाळीत मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत जाऊन बघा, खांद्यावर घोंगडी टाकून माणूस कसा रुबाबात चालतो ते.

खरी-खोटी ओळखायची तर दशीचा, म्हणजे काठाला सुट्या सोडलेल्या सुतांतला, एक धागा काढून जाळा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते, प्लॅस्टिक असेल तर वितळून कडक गोळी होते.

नवी घोंगडी टोचते, खळीमुळं कडक लागते, थोडा वासही येतो. हे सगळं वापरानं कमी होतं, तोवर वर सुती चादर टाका. वॉशिंग मशीन आणि गरम पाणी अजिबात नको, आकसून घट्ट होते. नुसती झटकून उन्हात टाकली तरी पुष्कळ, धुवायचीच तर गार पाण्यात, न पिळता, आडवी पसरून वाळवा. ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, कसर लागत नाही. आणि कुठं भोक पडलंच तर फेकू नका, दुकानात आणून द्या, त्याच रंगाच्या सुतानं रफू करून देतो.