टॉवर असलेली फुली आणि टॉवर नसलेली फुली

"सर, मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, तिथं चालतंय की! मग अमेरिकेतल्या छोट्या एअरफील्डवर दोन्ही एकदम वापरल्या तर काय बिघडलं? रेडिओ असतोच." राजारामपुरीत माझ्याकडं वैमानिकाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये हे ऐकतो. आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाला एकच पट्टी, एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची फुली कुणी पाहिलेली नसते. पण बाहेर शिकायला जाणाऱ्या पोरानं हा गोंधळ सोबत नेऊ नये.

टॉवरचं, म्हणजे विमानतळावरच्या नियंत्रण कक्षाचं, तुम्हाला पाठ आहे: परवानगी मिळते, ती परत म्हणून दाखवायची, दोन्ही पट्ट्यांचा क्रम टॉवर लावतो. उतरून छेदाच्या अलीकडं थांबायची परवानगीही अमेरिकेत टॉवरच देतो आणि वैमानिक ती नाकारू शकतो. पट्ट्यांचे आकडे, खुणा टॉवर असो वा नसो, सारख्याच.

अडतं ते इथं. टॉवर नसतो तिथं रेडिओवरचं बोलणं ही नुसती माहिती असते. "चार नंबरच्या पट्टीवरून टेकऑफ घेतोय" एवढं ऐकलं, तर एकाचा बेत कळला. त्यानं तुमचं ऐकलं का, ते कळलं नाही. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही तुटतं. अमेरिकेत अशा बऱ्याच ठिकाणी बिनरेडिओचं विमानही कायद्यानं उडू शकतं. उत्तर आलं नाही म्हणून पट्टी मोकळी धरणं, ही माझ्या लेखी सगळ्यात वाईट खोड. तसंच "आसपास कुणी असेल तर कळवा" हे वाक्य. तिथल्या अधिकृत पुस्तिकेतच ते वापरू नका म्हटलंय, तरी पोरं वापरतात.

अमेरिकेत इलिनॉयमधलं क्विन्सी, टॉवर नसलेली फुली, १९ नोव्हेंबर १९९६. दुसऱ्या पट्टीवर उतरणाऱ्या बीच १९०० या प्रवासी विमानानं विचारलं, चारवरचं किंग एअर विमान थांबणार की निघणार? किंग एअर गप्प. त्याच्या मागच्या चेरोकी या छोट्या विमानानं उत्तर दिलं, त्यातलाही तुकडा कॉकपिटमधल्या उंचीच्या यांत्रिक सूचनेत बुडाला. उतरणाऱ्यांना वाटलं, किंग एअरच थांबतोय. छेदावर टक्कर झाली, दोन्ही विमानांतली १४ माणसं गेली. किंग एअरमधल्यांनी रेडिओ नीट ऐकला नाही, बाहेर नीट पाहिलं नाही, हे तपासात मुख्य कारण ठरलं.

वर्गात मी टेबलावर लाकडी पट्ट्यांची फुली करतो, दोन टोकांच्या मधल्या कोपऱ्यात चहाचा कप ठेवतो. तो हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड. मग पोराला डोळे टेबलाला टेकवून एका टोकावरून बघायला लावतो. दुसरं टोक दिसत नाही.

कुठली पट्टी घ्यायची ते वाऱ्यावरून ठरतं; वारा मंद असला की एकाला ही पट्टी बरोबर वाटते, दुसऱ्याला ती, आणि चूक कुणाचीच नसते. म्हणून माझा आग्रह: आधीचे लोक जी वापरतायत तीच घ्या. दुसऱ्या पट्टीवर कुणी उतरत असेल तर हक्क त्याचा. तो "अलीकडंच थांबतो" म्हणाला तरी ऐनवेळी गो-अराउंड करून, म्हणजे न उतरता पुन्हा वर उठून, छेदावरूनच जाईल. तो पट्टी सोडून बाहेर पडलेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत तुम्ही आपल्या पट्टीवर चाकही टाकायचं नाही.