सोलकढी नको, आगळ ठेवा: कोकणात घरी फिल्मचे रोल धुणाऱ्यांसाठी

मे महिन्यात तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतानाचे छत्तीस फोटो काढले. पावसात रोल धुवायचा राहून गेला, तो दसऱ्याला धुतला. रोल धुण्याच्या छोट्या टाकीतून निघाली कोरी, काचेसारखी पारदर्शक पट्टी. आधी कॅमेऱ्याच्या शटरला शिव्या घातल्या. मग फिल्मच्या कडेकडे लक्ष गेलं. तिथे फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच प्रकाशाने छापलेलं असतं. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, नीट चालला तर बाकी काही उमटो न उमटो, ते उमटतंच. माझ्या पट्टीवर तेही नव्हतं. म्हणजे कॅमेरा निर्दोष. फेब्रुवारीत कालवून अर्धा वापरलेला डेव्हलपर बाटलीतल्या बाटलीत मेला होता, आणि खुनी मीच होतो.

वर्षाला चार-सहा रोल धुणाऱ्या माणसाची अडचण ही अशी असते. रोज धुणाऱ्याची बाटली खराब व्हायच्या आत संपते. आपली संपायच्या आत खराब होते.

असं का होतं, हे कळायला डेव्हलपरचा धंदा समजून घ्यायला हवा. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. प्रकाश पडलेल्या कणावर चांदीच्या मोजक्या अणूंचा एक ठिपका तयार होतो. डोळ्याला तो दिसत नाही. डेव्हलपर कणांना इलेक्ट्रॉन देतो, आणि ज्यांच्यावर हा ठिपका आहे त्यांना आधी देतो. ते कण अख्खेच्या अख्खे काळ्या चांदीत बदलतात आणि निगेटिव्ह तयार होते. पण इलेक्ट्रॉन घ्यायला हवेतला ऑक्सिजनही टपलेलाच असतो. जो डेव्हलपर चांदीला उदारपणे देतो, तो ऑक्सिजनलाही नाही म्हणत नाही. म्हणजे न बिघडणारा डेव्हलपर मागणं हे न जळणारं सरपण मागण्यासारखं झालं.

म्हणून त्यात राखणदार घालतात. कोडॅकच्या १९२७ सालच्या डी-७६ ची कृती पाहा. एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम. काम करणारे सात ग्रॅम, त्यांच्या राखणीला शंभर. (सल्फाइटला दुसरंही काम आहे. ते कण थोडे विरघळवून फोटोत दिसणारा दाणा मऊ करतं.) एवढं करूनही कालवलेला डी-७६ काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत जेमतेम दोन. अर्ध्या रिकाम्या लिटरभराच्या बाटलीत पाचशे मिली हवा, म्हणजे शंभरेक मिली ऑक्सिजन असतो, आणि दर वेळी बूच उघडलं की ताजा भरणा होतो. आपल्याकडे लोणच्यावर तेलाचा थर लागतो तो याच कारणाने: हवा वर राहावी, आत जाऊ नये. डेव्हलपरवर तेल ओतता येत नाही. त्यामुळे काहीजण बाटलीत काचेच्या गोट्या टाकून पातळी गळ्यापर्यंत आणतात. त्यापेक्षा औषधाच्या छोट्या तपकिरी काचेच्या बाटल्यांत वाटून ठेवणं मला सोपं वाटतं. प्लास्टिकच्या पातळ बाटलीतून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

त्यात आपली हवा. रासायनिक क्रियांचा ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. थंड देशातल्या २० अंशांच्या तळघरासाठी लिहिलेले सहा महिने आमच्या मालवणच्या ३० अंशांच्या माळ्यावर सहा महिने राहात नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: क्वचित धुणाऱ्याने कालवलेलं द्रावण साठवायचंच नाही. कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, वर्षभर राहातं. त्याची सोलकढी केली की ती संध्याकाळपर्यंत संपवावी लागते. तसंच घट्ट द्रव घ्यायचा, लागेल तेवढाच पाण्यात मिसळायचा, रोल धुवायचा आणि ओतून द्यायचा. दोन्हींची कारणं मात्र वेगळी, हे कबूल केलं पाहिजे. आगळात मीठ आणि आंबटपणा जंतूंना थोपवतो, इथे शत्रू ऑक्सिजन आहे.

या जातीतलं सगळ्यात जुनं नाव रोडिनल. बर्लिनच्या आग्फा कंपनीत रसायनशास्त्रज्ञ मोमे आंद्रेसन यांनी ते तयार केलं, १८९१ साली. काम करणारं पॅरा-अमिनोफिनॉल, तीव्र अल्कली आणि भरपूर सल्फाइट, एवढाच संसार. क्षारांनी गच्च भरलेल्या द्रवात ऑक्सिजन मुळात कमी विरघळतो, आणि जो विरघळतो त्याला सल्फाइट गाठतं. बाटली वर्षानुवर्षं टिकते. ती आधी गुलाबीसर, मग तपकिरी, मग जवळजवळ काळी होते, आणि तरी काम करते. हिशेब करा: एकास पन्नास मिसळलं तर ३०० मिलीच्या टाकीला सहा मिलीपेक्षा किंचित कमी लागतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ऐंशीच्या वर रोल. महिन्याला एक रोल धुतला तरी जवळपास सात वर्षं.

दोष? दाणा. रोडिनल दाणा लपवत नाही, धारदार करून दाखवतं. १०० किंवा १२५ आयएसओच्या, म्हणजे भरपूर उजेड लागणाऱ्या, फिल्मवर ते सुंदर दिसतं. कमी उजेडात चालणाऱ्या ४०० च्या फिल्मवर आकाशात वाळू पेरल्यासारखं वाटतं. पावसाळी कोकणात ४०० शिवाय चालत नाही, म्हणून दुसरा पर्याय सांगतो: कोडॅकचा एचसी-११०. १९६२ सालच्या मूळ सूत्रात पाणी जवळजवळ नव्हतंच. ग्लायकॉल वर्गातल्या द्रवांमुळे तो काकवीसारखा घट्ट असायचा आणि त्याच्या दीर्घायुष्याच्या कहाण्या त्यातूनच आल्या. २०१९ च्या सुमारास सूत्र बदललं, आता तो पातळ आहे. जुन्याची पुण्याई नव्याच्या खात्यावर जमा धरू नका. नवा घेतला तर छोट्या काचेच्या बाटल्यांत वाटून ठेवा.

कोडॅकचाच आणखी एक डेव्हलपर, एक्सटॉल, मी इथे सुचवणार नाही, जरी त्याचे निगेटिव्ह फार देखणे असले तरी. त्यातला मुख्य कामगार क जीवनसत्त्वाच्या कुळातला. लोहाचा किंवा तांब्याचा नुसता अंश पाण्यात असला तरी त्याचं ऑक्सिडेशन झपाट्याने होतं. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं, आणि घरात तांब्याची कळशी असतेच. वर त्याचा रंगही बदलत नाही. डी-७६ मरताना निदान चहासारखा होतो. हा स्वच्छ पाण्यासारखा दिसत दिसत दगा देतो. म्हणजे रंगावरून काहीच ठरवायचं नाही: काळं रोडिनल जिवंत असतं, नितळ एक्सटॉल मेलेलं असू शकतं. कुठलाही डेव्हलपर असो, मिसळण्याचं पाणी डिस्टिल्ड घ्यावं. एका रोलला तीनशे मिली लागतं, त्यात काटकसर कसली.

पातळ मिसळण्याचा आणखी एक फायदा आपल्यासाठीच आहे. धुण्याच्या वेळा २० अंशांसाठी दिलेल्या असतात. आमच्या विहिरीचं पाणी बारा महिने २६-२७ च्या आसपास, कारण जमिनीखालचं पाणी त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ राहातं. माठातही ते फारसं उतरत नाही. दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं, त्यामुळे विदर्भातला माठ जे करतो ते आपला करत नाही. एका अंशामागे वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करायची. डी-७६ पाणी न मिसळता वापरला तर साडेसात मिनिटांची साडेतीनच्या आसपास होते, आणि चार-पाच मिनिटांच्या आत धुतलेल्या फिल्मवर डाग-पट्टे उमटण्याची भीती असते. इल्फर्डच्या एफपी-४ फिल्मला एकास पन्नास रोडिनलमध्ये १५ मिनिटं लागतात. ती २७ अंशांना सात मिनिटांवर आली तरी हातात पुरेसा वेळ राहातो. मात्र हायपो (न उमटलेले कण काढून टाकणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं हवं. गरम-थंड झालं की मऊ पडलेलं जिलेटिन सुरकुततं.

पॅरासिटामॉलच्या गोळ्या, सल्फाइट आणि कॉस्टिक सोडा यांपासून रोडिनलचा घरगुती भाऊ बनवता येतो. अल्कलीत पॅरासिटामॉल फुटून पॅरा-अमिनोफिनॉलच तयार होतं. रसायन म्हणून गंमतशीर, पण कॉस्टिक सोडा डोळा घालवू शकतो, आणि आपल्या पावसाळ्यात त्याचे खडे डबा उघडताच ओलावा ओढून पाझरू लागतात, मग वजन कशाचं करताय तेच कळत नाही. मी विकतचंच घेतो.

आणि रोल टाकीत घालण्याआधी एक चाचणी करतो, दर वेळी. फिल्मची जी जीभ कॅमेऱ्यात भरताना उजेडात येते, तिचा बोटभर तुकडा कापून मिसळलेल्या द्रावणात टाकायचा, दिवसाढवळ्या. दोनेक मिनिटांत तो काळा पडायला हवा. नुसता करडा होऊन थांबला तर बाटली ओता, रोल नका घालू.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा, उघडल्याची तारीख घाला आणि कुलपाच्या कपाटात ठेवा, स्वयंपाकघरातल्या फडताळात नाही. चार वर्षं जुनं रोडिनल दिसायला अगदी आगळासारखं दिसतं.