टू-स्ट्रोक चेनसॉचे ऑइल आणि इंधनमिश्रण

टू-स्ट्रोक इंजिनाच्या चेनसॉमध्ये ऑइल वेगळे भरत नाहीत. ते ठरावीक प्रमाणात पेट्रोलमध्येच मिसळतात. या इंजिनात हवा व पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या खालच्या कप्प्यात) येते आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते, त्यामुळे फोर-स्ट्रोकसारखा ऑइलचा साठा तळाशी ठेवता येत नाही. पेट्रोलबरोबर आलेले ऑइलच क्रँकशाफ्टची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांना वंगण पुरवते व शेवटी जळून सायलेन्सरवाटे बाहेर पडते. चेनसॉचे इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला १२,००० ते १४,००० फेरे घेते आणि थंड होते ते केवळ हवेवर. त्यामुळे ऑइलची निवड इथे फार महत्त्वाची ठरते.

५०:१ म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल. एका लिटरला २० मिलिलिटर, पाच लिटरला १०० मिलिलिटर. ४०:१ साठी लिटरमागे २५ आणि २५:१ साठी ४० मिलिलिटर लागते. जुन्या यंत्रांना १६:१ किंवा २०:१ इतके दाट मिश्रण लागे, कारण तेव्हा साधे इंजिन ऑइलच वापरत. पुढे ऑइल सुधारले आणि प्रमाण उतरत गेले. म्हणूनच काही उत्पादक आपल्या ऑइलसाठी ५०:१ सांगतात, पण इतर कंपनीचे ऑइल वापरल्यास ३३:१ किंवा २५:१ मिसळायला सांगतात. प्रमाण नेहमी यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावे. ऐकीव आकड्यावर विसंबू नये.

‘ऑइल जास्त घातले की इंजिन अधिक सुरक्षित’ हा समज सर्वत्र आढळतो. थोडेसे जास्त पडले तर लगेच काही बिघडत नाही, हे खरे. पण कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) येणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढले की पेट्रोलचा वाटा घटतो, म्हणजे हवेच्या मानाने इंधन किंचित कमी पडते. शिवाय प्लग काळा पडतो, सायलेन्सरच्या जाळीवर काजळी साचते आणि यंत्राची ताकद मंदावते. प्रमाण बदलल्यास कार्ब्युरेटरचे समायोजनही तपासले पाहिजे. कमी ऑइलचा धोका मात्र फार मोठा आहे. नुसते पेट्रोल भरले तर पूर्ण वेगातील इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते.

जाम झालेल्या इंजिनाचा सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन पाहावा. निरोगी पिस्टनच्या अंगावर घडणीच्या बारीक आडव्या रेषा शाबूत असतात. ऑइलविना चाललेल्यावर त्यांच्या जागी उभे, चमकते ओरखडे दिसतात, रिंगा खाचेत घट्ट बसलेल्या असतात आणि पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला फासलेले असते. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर हवेची गळती किंवा कार्ब्युरेटरचे पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी देणारे) समायोजन हेही कारण असू शकते.

दर्जा पाहण्यासाठी डब्यावरील खूण वाचावी. जपानच्या जासो मानकात एफबी, एफसी, एफडी अशा चढत्या श्रेणी आहेत. एफसीमध्ये धूर कमी, तर एफडीमध्ये काजळी धुऊन काढण्याची क्षमता अधिक. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचे ईजीबी, ईजीसी व ईजीडी हे साधारण याच क्रमाचे. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची टीसी ही खूणही हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना चालते. टीसी-डब्ल्यू३ हे नाव तिच्यासारखे दिसते, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांसाठीचे ऑइल आहे आणि चेनसॉच्या उष्णतेला पुरे पडत नाही. फोर-स्ट्रोकचे ऑइलही टाळावे: त्यातील धातुयुक्त घटक जळून राख होतात, ती प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते. ऑइलचा निळा, हिरवा वा लाल रंग दर्जा सांगत नाही; पेट्रोलमध्ये ऑइल मिसळले आहे की नाही एवढेच त्यावरून ओळखता येते. साखळीला लागणारे चिकट ऑइल पूर्णपणे वेगळे असून त्याची टाकीही स्वतंत्र असते.

मिश्रण करताना स्वच्छ डब्यात आधी थोडे पेट्रोल, मग मोजलेले ऑइल घालून हलवावे व उरलेले पेट्रोल ओतावे. टाकीत थेट ऑइल टाकून ढवळणे चुकीचे आहे. पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषते, रबरी नळ्या व कार्ब्युरेटरचा पडदा खराब करते. बहुतेक उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच त्याला मुभा देतात. म्हणून महिन्याभरात संपेल इतकेच मिश्रण तयार करावे, डब्यावर तारीख व प्रमाण लिहावे आणि यंत्र बराच काळ ठेवायचे असल्यास टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.