पहाटे मासा गळाला का लागतो?

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठी एप्रिल-मे महिन्यात गळ टाकायला येणारी माणसं उजाडायच्या आत जागा धरून बसतात आणि ऊन तापू लागलं की दोरी गुंडाळतात. मासा सकाळी खातो, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. पण पाण्याची तपासणी केली तर वेगळंच दिसतं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिवसभरात सगळ्यात कमी असतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करतात. रात्री ते काम थांबतं, श्वसन मात्र सगळ्यांचंच चालू राहतं, वनस्पतींचंसुद्धा. मग श्वास घेणं सर्वांत अवघड असताना मासा खायला का निघतो?

आधी प्राणवायूचा हिशेब पाहू. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू असतो. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात तो फार तर ९ मिलिग्रॅम मावतो, आणि ३० अंशांना साडेसातच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे हे आकडे आणखी थोडे खाली येतात. उलट माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर वाढतं आणि दर १० अंशांमागे त्याची प्राणवायूची गरज साधारण दुपटीने वाढते. म्हणजे उन्हात गरज वाढते आणि पुरवठा आटतो.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप मागे सरतं. उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात आणि गळ टाकणारा उभा राहतो तो उथळ काठाशी. हा उथळ पट्टा दुपारी सर्वांत लवकर तापतो आणि रात्री सर्वांत लवकर निवतो. वर निवलेलं पाणी जड होऊन खाली बसतं, खालचं वर येतं आणि काठाचं पाणी ढवळून निघतं. मोठ्या, स्वच्छ जलाशयात शेवाळ कमी असल्यामुळे रात्रीची प्राणवायूची घट बेताचीच असते; पहाटेच्या निवलेल्या पाण्यात माशाची गरजही उतरलेली असते. माझ्या मते कोड्याचा निम्मा उलगडा इथेच होतो. गावतळ्याचं मात्र असं नाही. हिरव्यागार तळ्यात पहाटे प्राणवायू इतका घसरतो की मासे पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकतात. मासे वर दिसतात म्हणून तिथे गळ टाकण्यात अर्थ नाही. जीव घुसमटलेला मासा आमिषाकडे बघतही नाही.

दुपारी धरणाच्या खोल पाण्यातही मासा सुखात असेलच असं नाही. २९ आणि ३० अंशांच्या पाण्याच्या घनतेतला फरक १० आणि ११ अंशांमधल्या फरकाच्या जवळजवळ तिप्पट असतो. म्हणून आपल्याकडे वारा पडलेल्या दिवशी वरचं ऊन पाणी खालच्या गार पाण्यात सहज मिसळत नाही. तळाशी गारवा असतो, पण कुजणारा गाळ तिथला प्राणवायू संपवत राहतो. मासा मधल्या पट्ट्यात, काठापासून लांब जाऊन थांबतो. वारा सुटून पाणी ढवळलं की हे थर मोडतात.

उरलेला निम्मा उलगडा डोळ्यांत आहे, आणि तो मला सर्वांत सुंदर वाटतो. बहुतेक हाडांच्या माशांची बाहुली आपल्यासारखी लहानमोठी होत नाही, पापण्याही नसतात. उजेड वाढला की डोळ्याच्या पडद्यातल्या पेशीच जागा बदलतात. अंधारात काम करणाऱ्या पेशी मागे सरून रंगद्रव्याच्या आडोशाला जातात आणि उजेडातल्या पेशी पुढे येतात. हा बदल व्हायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ छोट्या माशांची नजर ना रात्रीची, ना दिवसाची. शिकारी माशाला हाच फायदा मिळतो. झुंजूमुंजू होताना मरळ काठाच्या गवतात दबा धरून असते ती म्हणूनच. शिवाय मरळ डोक्यातल्या खास पोकळीच्या मदतीने थेट हवेतूनही श्वास घेते. प्राणवायूचा वरचा हिशेब तिला फारसा लागू पडत नाही.

रोहू, कटला, मृगळ यांना आमिष कुठे द्यायचं हे त्यांच्या तोंडावरूनच कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाळतो. रोहू मधल्या थरातला. तिघांच्याही जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. आणि खरं जठर नसल्यामुळे एकदा पोट भरून दिवसभर गप्प बसणं त्यांना जमत नाही. थोडं थोडं सतत खावं लागतं.

काठावर बोलू नका, मासे पळतात, असं जुनी माणसं दटावतात. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो, त्यामुळे हळू गप्पा मारायला हरकत नाही. पाय आपटणं मात्र खरंच नडतं. जमिनीतून गेलेली कंपनं पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने पसरतात. रोहू, कटला, मृगळ यांच्या पोटातला हवेचा फुगा आणि अंतर्कर्ण (कानाचा आतला भाग) यांना जोडणारी छोट्या हाडांची साखळी असते, म्हणून त्यांचे कान तिखट. उभं राहण्यापेक्षा बसणं बरं, याचंही कारण आहे. माशाला पाण्याबाहेरचं जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीतूनच दिसतं आणि क्षितिजालगतच्या वस्तू तिच्या कडेला दाबल्या जाऊन चपट्या दिसतात.

मे महिन्यात या माशांच्या माद्यांच्या पोटात अंडी भरत असतात. अशी मादी लागली तर हात ओले करून धरावी, म्हणजे अंगावरचा संरक्षक बुळबुळीतपणा निघत नाही, आणि लगेच सोडावी. ऊन पाण्यात दमवलेला मासा सोडल्यावरही पुष्कळदा जगत नाही, म्हणून ओढाताण लांबवू नये. सोडली तरी साचलेल्या पाण्यात ती सहसा अंडी घालत नाही. त्याला पावसाळी पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून तळ्यांत आणि धरणांत सोडायला बीज, म्हणजे माशांची पिल्लं, भरवशाने मिळू लागलं. धरणातले रोहू-कटले बहुतेक असे सोडलेल्या बिजातूनच वाढतात. ते बीज पुष्कळ ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांनी पैसे मोजून आणलेलं असतं. गळ टाकण्याआधी तिथल्या संस्थेची परवानगी घ्यावी, ती यासाठी.